सचिव ताईंना आलेलं आमंत्रण

तासगाव तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं: हंगामात मी बेदाणा निवडायला जाते, एरवी शिलाई करते. मालक बागेत फवारणीच्या कामाला आहेत. मुलगी मिरजेला नर्सिंग शिकते, तिची फी अंगावर आहे. शाळेपासूनच्या मैत्रिणीने एका कंपनीचं काम सांगितलंय. पंधरा हजारांचं किट घ्यायचं, त्यात आरोग्याची पावडर, साबण, तेल. मग आयडी मिळते. डावीकडे-उजवीकडे माणसं जोडत गेलं की जोडीमागे पैसे. सांगलीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार झाला, तिथे लोकांनी चेकचे फोटो दाखवले. मालक म्हणतात, "नाद सोड." मैत्रीण म्हणते, "अजून किती दिवस दुसऱ्याचा बेदाणा निवडणार?" पैसे भरायच्या आधी कंपनी खरी की खोटी हे कसं ओळखायचं?

आणि मध्येच, कंसात: "मी बचत गटाची सचिव आहे, त्यामुळे पहिल्या दहाजणी शोधाव्या लागणार नाहीत, असं लीडर मॅडम म्हणाल्या. पैसे सध्या गटातूनच अंतर्गत कर्ज काढून भरेन."

ताई, कंपनीचं नंतर बघू. आधी त्या कंसाबद्दल बोलू.

तू मॅडमना पहिल्यांदा सेमिनारलाच भेटलीस ना? मग तू सचिव आहेस हे त्यांना कुणी सांगितलं? मैत्रिणीनेच. तुला बोलवायच्या आधी त्या दोघींचं तुझ्या गटावर बोलणं होऊन गेलं होतं. तिच्या मनात वाईट नसेल, तीही बिचारी अडकलीय, असं मी लिहावं अशी तुझी अपेक्षा असेल. मी लिहिणार नाही. तिचे पैसे अडकले असतील, तर ते सोडवायला तिने तुझ्या गटातल्या बायकांकडे बोट दाखवलंय. हे तिला कळत नाही असं मला वाटत नाही.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. ही पंचसूत्री तुला पाठ असणार. त्या दहाजणी तुझ्या शब्दावर पैसे भरतील, कारण वही तुझ्या हातात आहे आणि त्या वहीतला रुपया कधी इकडचा तिकडे झालेला नाही. पावडर कशी आहे हे त्या विचारणारसुद्धा नाहीत. आणि पैसे आणतील कुठून? तुझ्यासारखेच, गटातून. दहाजणींचे पंधरा-पंधरा हजार म्हणजे दीड लाख. गटात तेवढी शिल्लक नसली की बँकेच्या कर्जाला हात लागतो, आणि ते कर्ज सगळ्यांचं. हप्ते थकले की पुढचं कर्ज अडतं, व्याजातली सवलत जाते, आणि जिने किटला हातही लावला नाही तिची शेळी घ्यायची राहून जाते. ती बाई भांडायला कंपनीच्या ऑफिसात जाणार नाही. तुझ्या दारात येईल. मॅडम तोवर दुसऱ्या तालुक्यात सेमिनार घेत असतील.

आता तुझा प्रश्न. नोंदणीचा कागद, जीएसटी नंबर, चकचकीत ऑफिस यावरून काही कळत नाही. पैसा कुठून येतो ते बघ. मैत्रिणीला विचार: आयडी न घेतलेल्या किती जणींनी तुझ्याकडून पावडर विकत घेतली, आणि संपल्यावर परत मागितली? गिऱ्हाईक असेल तर ती नावं सांगेल. नसेल तर चेकच्या फोटोतला पैसा हा नंतर आलेल्या बायकांच्या किटचा पैसा आहे. प्रत्येकीने दहाजणी जोडायच्या म्हटलं, तर सातव्या पायरीला एक कोटी माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख होती.

घरोघरी माल विकून कमावणाऱ्या बायका आहेत, तो धंदा कायद्यात बसतो. पण २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजना, म्हणजे माणसं जोडण्यावर पैसे देणारी योजना, चालवायला आणि त्यात माणसं भरती करायला मनाई केलीय. अशा पैसे फिरवायच्या योजनांवरचा १९७८ चा मनी सर्क्युलेशन बंदी कायदा तर सभासद होणाऱ्यालाही धरतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. आणि तुझ्या दहाजणींच्या फॉर्मवर 'कुणामार्फत' या रकान्यात तुझं नाव असेल.

मुलीच्या फीची काळजी खरी आहे, आणि ती वाचून मला भरून आलं. व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिकवणीची आणि परीक्षेची पूर्ण फी माफ करायचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतलाय. मुलगी त्यात बसते का, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार. नाहीच बसली तर गटातून कर्ज काढ, त्या फीसाठी. अंतर्गत कर्ज असल्याच कामासाठी असतं.

आणि किटचं काय करायचं? पुढच्या बैठकीत हा विषय तूच काढ. "मला नको" म्हणून गप्प बसलीस तर मॅडम तुमच्या अध्यक्षांकडे जातील, मग कोषाध्यक्षांकडे. म्हणून सगळ्यांसमोर किटची किंमत सांग, दहाजणींचं ते वाक्य सांग, आणि ठराव मांड: किट, आयडी किंवा माणसं जोडायच्या कुठल्याही योजनेसाठी गटातून कर्ज मिळणार नाही, आणि अशा योजनेची माहिती द्यायला बैठकीत कुणालाही बोलावलं जाणार नाही. सगळ्यांच्या सह्या, अंगठे घे. गावातल्या गटांना मार्गदर्शन करणाऱ्या सीआरपी ताईंनाही दाखव.

मैत्रीण रुसेल. रुसू दे. शेडवर शेजारी बसली तर बोल तिच्याशी, अबोला धरू नकोस. पण ठराव आजच लिहून काढ. बैठकीपर्यंत ती दोनदा तरी घरी येऊन जाईल, आणि तुला नाही म्हणायची सवय नाही हे पत्रावरूनच दिसतंय.