१९९६ सालची मर्सिडीज ई-२२० घरच्या घरी दुरुस्त्या करून पगारदार माणसाला सांभाळता येईल का?

येईल. खरं तर एवढंच उत्तर देऊन गप्प बसणार होतो. पण तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलंय, "मी शिक्षक आहे, अडीच लाखांत गाडी मिळतेय, पण घरचे म्हणतात मर्सिडीज सांभाळायला ऐपत लागते." ते वाचलं आणि बसलो लिहायला.

हेच वाक्य मला माझ्या दाजींनी ऐकवलं होतं, भाचीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत. मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. दाजी बांधकामाच्या धंद्यात, दर तीन वर्षांनी नवीन गाडी. माझी ई-२२० तेव्हा गॅरेजमध्ये पडून होती आणि ही बातमी ताईकडून त्यांच्यापर्यंत पोचली होती. "अरे, लॅबमधल्या माणसानं मर्सिडीज घ्यायची म्हणजे काय खेळ आहे का? घेता येते, सांभाळायला ऐपत लागते. ती परदेशी गाडी आहे." मी म्हटलं, "दाजी, ती पिंपरीत जुळवलेली आहे. टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, आवारात." पंगतीतले दोघं हसले. दाजी नाही हसले.

गाडीचं झालं होतं असं. सकाळी थंड इंजिन सुरूच होईना. खूप स्टार्टर मारल्यावर सुरू झालं तरी मिसिंग, पिकअप नाही, सिग्नलला बंद पडणार. दहा मिनिटांनी इंजिन तापलं की मात्र सगळं सुरळीत. पावसाळ्यात त्रास जास्त. ज्या गॅरेजात दिली तिथे आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग फ्युएल पंप. प्रत्येक वेळी बिल, आणि सकाळी परत तेच. शेवटी म्हणाले ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, दिल्लीहून जुना काढलेला मागवू, ऐंशी हजार. मी विचारलं, "ईसीयू गेलाय हे कशावरून?" उत्तर मिळालं, "बाकी सगळं बदलून झालं ना साहेब."

हे उत्तर ऐकल्यावर गाडी उचलून घरी आणली. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की आधी रीडिंग घ्या, मग निष्कर्ष लिहा, आणि इथे एक माणूस माझ्याच पैशांनी उलटा प्रयोग करत होता.

आता जरा विचार करा. थंड असताना त्रास आणि गरम असताना नाही, म्हणजे इंजिन थंड आहे हे गाडीला कळत नाहीये. ते कळवणारा एक छोटा सेन्सर कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बसवलेला असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. २० अंशांना साधारण अडीच किलोओहम, ८० अंशांना सव्वातीनशे ओहमच्या आसपास. ईसीयू हा आकडा वाचून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. आकडा चुकून कमी गेला की ईसीयूला वाटतं इंजिन तापलेलंच आहे, मग तो पेट्रोल हात राखून देतो आणि तुम्ही सकाळी स्टार्टर मारत बसता.

सेन्सर काढला, चहाच्या पातेल्यात पाणी तापवलं, लॅबचा थर्मामीटर आणि मल्टिमीटर घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. (ते पातेलं नंतर चहाला वापरायचं नाही, यावर घरात एकमत झालं. तुम्ही जुनंच घ्या.) आकडे बरोबर येत होते. सेन्सर परत बसवला, बॅटरीची निगेटिव्ह काढली, ईसीयूचा कनेक्टर सोडवला आणि त्या टोकाला तेच दोन पिन मोजले. सेन्सरपाशी अडीच किलोओहम आणि दुसऱ्या टोकाला पाचशेसुद्धा नाहीत. हार्नेस (इंजिनावरच्या वायरींचा जुडगा) हातानं हलवला की आकडा नाचायचा. सेन्सर चांगला, ईसीयू तर या मोजणीत नाहीच. मधे उरतं काय? वायर.

हार्नेसचं वरचं काळं आवरण चिरलं तर आतलं इन्सुलेशन वाळलेल्या पापडासारखं तुटून हातात आलं. तांब्याच्या उघड्या तारा एकमेकींना टेकलेल्या, आणि हवेत दमटपणा आला की आणखी गळती. नव्वदच्या दशकातल्या या गाड्यांच्या इंजिन हार्नेसचं इन्सुलेशन उष्णतेनं असं ठिसूळ होतं, हे या गाड्या सांभाळणाऱ्यांना जगभर ठाऊक आहे. लोकांनी वर्षानुवर्षं त्यावर लिहिलंय. गॅरेजवाल्याला ते माहीत नव्हतं यात मला राग नाही. वायरीला हात न लावता ऐंशी हजारांचा ईसीयू सांगितला, याचा आहे. वरून उघड्या तारा इंजेक्टरच्या किंवा कॉइलच्या लाइनला टेकल्या तर ईसीयू खरोखरच जळू शकतो. म्हणजे त्या हार्नेसवर दिल्लीचा ईसीयू लावला असता तर तोही धोक्यातच होता.

मग रविवार आणि सुट्ट्या धरून पूर्ण इंजिन हार्नेस नव्यानं ओवला. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास टेफ्लॉन आणि सिलिकॉन इन्सुलेशनची वायर मिळते, साधी पीव्हीसी इंजिनापाशी घालू नका. पद्धत एकच: एका वेळी एकच वायर. जुनी काढायची, लांबी मोजायची, नवी घालायची, दोन्ही टोकांना मीटर लावायचा, वहीत टीक करायची, मगच पुढची. सगळ्या एकदम कापल्या तर देव पण वाचवणार नाही. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थिंग, लाल म्हणजे कायमचा प्लस, काळा बहुतेक वेळा किल्ली फिरवल्यावरचा प्लस. एवढं पाठ असलं तरी निम्मं भय जातं. जोड सोल्डर करू नका असं माझं मत आहे, आणि यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीनं नेमकी तिथेच तुटते. चांगल्या पकडीनं क्रिंप करा, म्हणजे जोड दाबून घट्ट बसवा, आणि वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा.

सामानाचा खर्च तीन हजारांच्या आत. गाडी सकाळी पहिल्या स्टार्टरला सुरू झाली, आणि आजही होते. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे वायरीच होत्या ना? त्यात काय एवढं?" यावर मी काय बोलणार! ऐंशी हजार सांगितले तेव्हा ती ऐपतीची गाडी होती, तीन हजारांत झाली तेव्हा नुसत्या वायरी. त्यांच्या नव्या गाडीच्या स्क्रीनवर इशारा आला की ते ती सर्व्हिस सेंटरला ठेवून रिक्षानं घरी जातात. त्याला ऐपत म्हणतात बहुतेक.

असो. तुमच्या गाडीकडे येतो.

तुमची ई-२२० म्हणजे मर्सिडीजच्या डब्ल्यू१२४ मालिकेतली गाडी, आणि घरी काम करायला याहून सोयीची मोठी गाडी मी पाहिलेली नाही. बॉनेटचा बिजागरीपाशी खटका दाबला की ते सरळ उभं राहतं, डोकं आत घालून काम करता येतं. चार सिलिंडर, भोवती हात जाईल एवढी जागा. हल्लीच्या गाड्यांत बल्ब बदलायला बंपर काढावा लागतो, तसलं काही नाही.

घरी करण्यासारखं बरंच आहे. फ्यूज बॉक्समध्ये गोळीसारखे जुने फ्यूज असतात, त्यांची टोकं काळी पडतात आणि कधी वायपर, कधी ब्लोअर बंद. फ्यूज जागच्या जागी फिरवले तरी पुष्कळदा चालू होतं. तांब्याच्या पट्टीचे घ्या, अॅल्युमिनियमचे नको. सेंट्रल लॉक व्हॅक्यूमवर चालतं, पंप मागच्या सीटखाली असतो. लॉक केल्यावर पंप गुणगुणतच राहिला तर तो पंपाचा दोष समजू नका. कुठल्या तरी दारातला रबरी पडदा फाटलाय. एकेका दाराची नळी बंद करून बघा, ज्या नळीला पंप गप्प होतो ते दार. पंप बदला म्हणणाऱ्याला आधी हे केलं का विचारा.

वायपर एकच आहे, पण तो वेडावाकडा फिरून काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्या यांत्रिक करामतीला ग्रीस लागतं. आपल्याकडे आठ महिने तो वापरातच नसतो आणि जूनमध्ये पहिल्या सरीला लोक कोरड्या काचेवर चालू करतात. मे महिन्यात झाकण उघडून ग्रीस घाला. तिथेच वायपरखालच्या खळग्यात झाडाचा पाला साचतो, पाणी जायची वाट बुजते आणि पायाखालचा गालिचा भिजतो. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर दर पंधरवड्याला पाला काढा. ब्लोअर वाचेल.

रेडिएटरला मात्र कंजुषी नको. वरच्या होजपाशी त्याचं प्लॅस्टिकचं तोंड वयानं ठिसूळ होतं आणि घाटात तुटतं. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापून वाकलं की तुमचे अडीच लाख गेले. कधी बदललाय याचं बिल मालकाकडे नसेल तर तुटायची वाट बघू नका, गाडी घेतल्याबरोबर होजसकट बदला. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं रबर कपलिंगही खाली वाकून बघा, भेगा असतील तर तेही.

सुट्या भागांसाठी पार्ट नंबर शोधायला शिका, बाकी सगळं त्यापुढे दुय्यम. नंबर हातात असला की तोच भाग मूळ बनवणाऱ्याच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो: सस्पेन्शनला लेमफर्डर, रेडिएटरला बेअर, फिल्टरला मान. नाना पेठेत नंबर सांगून विचारा. "मर्सिडीजचा आहे का?" असं विचारलंत की भाव वाढतो. न मिळालं तर मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोड, पण तिथला माल वापरलेला, डोळे उघडे ठेवून घ्या.

वर्षाला किती खर्च, हे विचारलंत. आकडा देणार नाही, कारण तो गाडीपेक्षा आधीच्या मालकावर अवलंबून असतो. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल तर घेऊ नका. बघा, मीही ऐपतीवरच आलो. पण ही ऐपत शिक्षकाच्या आवाक्यातली आहे, दाजींकडे नाही तेवढी सहनशक्ती तुम्हाला लागेल इतकंच.

आणि काही कामं घरी करायची नाहीत. पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायला आतून घालायचा खास कंप्रेसर लागतो. बाजारातले बाहेरून लावायचे हूक वापरून ती काढायला जाऊ नका, स्प्रिंग निसटली तर माणूस जातो. एअरबॅग असेल तर स्टिअरिंग उघडू नका. एसीचा इव्हॅपरेटर गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते अनुभवी माणसाला द्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, पण ब्रेक पहिल्यांदा उघडताना शेजारी जाणता माणूस हवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावा. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्यानं ११० न्यूटन मीटरला आवळा, पाईप घालून त्यावर उभे राहू नका. पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या असतील तर सगळ्या बदलून टाका, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि हे रबर त्या काळात त्यासाठी बनवलेलं नव्हतं.

शेवटचं, आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून थंड आहे ना बघा, मगच किल्ली फिरवा. इंजेक्टरच्या कनेक्टरपाशी वायर हलकेच वाकवून बघा, इन्सुलेशनचे तुकडे पडले तर भाव पाडा. आरसीचं नूतनीकरण झालंय का बघा, २० वर्षांवरच्या कारला ती फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार आहे, पर्यावरण कर वेगळा. गाडी दिल्ली पासिंगची असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या इकडे स्वस्तात येतात, आणि कागद अर्धवट असतील तर आरटीओत जे हेलपाटे पडतील ते कुठल्याही पान्यानं सुटत नाहीत.