माळावर झाडं लावायची, पण मेंढरांचं काय?

प्रश्न : ताई, मी माण तालुक्यातला, वय 21. आमच्या गणेश मंडळानं यंदा डीजे रद्द केला आणि ते पैसे झाडांसाठी ठेवले. गावच्या गायरानावर जुलैत हजार रोपं लावून तारेचं कुंपण घालायचं ठरवलंय. वाड्यावरचे मेंढपाळ म्हणतात, लावा, आम्ही उपटून टाकू. सरपंच म्हणतात, कोपऱ्यात पाच-पन्नास लावा, फोटो काढा आणि मोकळे व्हा. बैठक रात्री आरतीनंतर पारावर घेतो, पण मुली येतच नाहीत. पुढं कसं जायचं?

उत्तर : डीजे बंद करणं हे झाडं लावण्यापेक्षा अवघड. ते तुम्हाला जमलंय, तेव्हा पोरं कामाची आहेत. पण कुंपणाचा बेत सोडा.

मेंढपाळांचं गणित आधी समजून घे. तुमच्याकडचे कितीतरी कळप दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर घरी परततात. म्हणजे वर्षात ज्या महिन्यांत त्यांना गावचं गवत लागतं, नेमक्या त्याच महिन्यांत तुम्ही माळाला तार ओढणार. मग ते काय टाळ्या वाजवतील? गायरान चराईसाठीच राखलेलं असतं. ग्रामपंचायत ते सांभाळते एवढंच, तुमच्या मंडळाचं ते नाही.

आणि माळ ओसाड आहे, हे तुला कोणी सांगितलं? पवना, मारवेल ही गवतं, चंडोल, धाविक हे पक्षी, खोकड म्हणजे छोटा कोल्हा, हे सगळं उघड्या माळावर जगतं. तिथं दाट झाडी केलीस तर त्यांचं घर जातं. झाडं हवीतच ना? ओढ्याकाठी, शाळेभोवती, शेताच्या बांधावर लावा: करंज, कडुनिंब, उंबर. जगवायला माणूस असेल तेवढीच लावा. हजार हा आकडा बॅनरवर बरा दिसतो, टँकरच्या दिवसांत पाणी घालताना नाही.

मग मंडळानं करायचं काय? माझं मत विचारशील तर पाणी मोजा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10,000 लिटर पाणी येतं. वर्षाला 500 मिलिमीटर धरला तर हेक्टरी 50 लाख लिटर. हे जातं कुठं, मुरतं किती, उपसतो कोण, याची नोंद गावात कुणाकडे आहे? भूजल सर्वेक्षणवाले निवडक विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात. तुम्ही गावातल्या दहा-बारा विहिरी धरा. दर अमावास्येला काठापासून पाण्यापर्यंत टेप सोडा आणि आकडा चावडीवरच्या फळ्यावर खडूनं लिहा. एक साधा पर्जन्यमापक शाळेच्या गच्चीवर ठेवा. डीजेच्या पैशात हे सगळं होऊन वर पैसे उरतील.

फळ्याचा उपयोग दिवाळीच्या सुमाराला कळेल. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात 1989 साली तरुणांनीच पुढाकार घेऊन पोपटराव पवारांना सरपंच केलं. तिथल्या चराईबंदी-कुऱ्हाडबंदीचं कौतुक सगळे करतात, पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हेही गावानंच ठरवलं. चर खणायला श्रमदान मिळतं, ऊस लावू नको असं शेजाऱ्याला सांगायला आकडे लागतात. तुमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं 2018 साली वॉटर कपचं, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेचं, पहिलं बक्षीस घेतलं. तिथं जाऊन या, आणि बक्षिसानंतर काय केलं ते विचारा.

सरपंचांशी वाद घालू नको. 18 पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा म्हणून आधी लेखी अर्ज दे आणि पोच घे. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतला कमी आकडा लागतो. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाला एवढी माणसं जमवता येत नसतील तर कमाल आहे! त्या सभेला वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना मुद्दाम बोलाव. गवत राखायला माळाचा कुठला तुकडा आलटून पालटून बंद ठेवायचा, हे त्यांनाच सांगू दे. कुठल्या ओघळीत पाणी थांबतं, हेही त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

राहिल्या मुली. रात्री आरतीनंतर पारावर बोलावलंस, कोणत्या घरातून सोडतील? शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गातच बसा. चहा पोरांनी करावा. विहिरींची नोंदवही एखाद्या मुलीकडे दे आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा होते, तिथं ते आकडे तिलाच वाचू दे. हंडे वाहणाऱ्या बाया तिला असे प्रश्न विचारतील, की पुढच्या अमावास्येला टेप कुठल्या विहिरीत सोडायची हे त्याच ठरवतील.