कार्नेगी, रॉकफेलर यांना दानशूर म्हणायचं की लुटारू?

अमेरिकेतले पोलादसम्राट कार्नेगी आणि तेलसम्राट रॉकफेलर यांना दानशूर म्हणायचं की लुटारू, या तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक, एवढ्या दानानंतर या मंडळींची पापं धुतली गेली असं मानायचं का? दुसरा, 'तो काळच तसा होता' म्हणून त्यांना सोडून द्यायचं का? दोन्हींना माझं उत्तर 'नाही' असं आहे. त्यांचं दान खरं होतं आणि त्यातून पुष्कळांचं भलं झालं. पण ज्यांना भोगावं लागलं ते लोक वेगळे आणि ज्यांना मिळालं ते वेगळे. मग एकातून दुसरं वजा कसं करणार?

अँड्र्यू कार्नेगीचंच घ्या. पेन्सिल्व्हेनियातल्या होमस्टेडच्या त्याच्या पोलाद कारखान्यात १८९२ साली मजुरीचा करार संपत आला. व्यवस्थापक हेन्री फ्रिकनं कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, टाळेबंदी केली आणि पिंकर्टन या खासगी सुरक्षा एजन्सीची ३०० भाडोत्री हत्यारबंद माणसं मागवली. ६ जुलैला पहाटे ती नदीतून बार्जवर बसून आली. कामगार आणि गावकरी काठावर उभे ठाकले, दिवसभर गोळीबार चालला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. मग राज्याचं सैन्य उतरलं आणि काही महिन्यांत युनियन मोडली. ती अशी मोडली की या कंपनीतून पुढे उभ्या राहिलेल्या यू. एस. स्टीलनं कामगार संघटनेला मान्यता दिली ती थेट १९३७ मध्ये. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता, पण फ्रिकला त्याचा पूर्ण पाठिंबा होता.

आता 'काळ तसा होता' हे कार्नेगीलाच लावून बघा. कामगारांना संघटित होण्याचा हक्क आहे, असं त्यानं स्वतः १८८६ साली छापून आणलं होतं. ब्रॅडॉकच्या कारखान्यात त्यानं आठ तासांची पाळी काही वर्षं चालवलीही होती. स्पर्धक बारा तासांवरच राहिले, तेव्हा त्यानंही पुन्हा बारा तास केले. म्हणजे बरोबर काय हे त्याला ठाऊक होतं. होमस्टेडला त्यानं दिलेलं ग्रंथालय १८९८ मध्ये उघडलं, त्यात पोहण्याचा तलावसुद्धा होता. पण भट्टीपुढे बारा तास उभा राहिलेला माणूस वाचायला कधी जाणार? ती पाळी बंद झाली १९२३ मध्ये, कार्नेगी वारल्यानंतर चार वर्षांनी.

रॉकफेलरबद्दल थोडक्यात सांगतो. त्याच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनं रॉकेल स्वस्त केलं, हे नाकारता येत नाही. पण रेल्वेकडून गुपचूप सवलती घेऊन त्यानं प्रतिस्पर्ध्यांना जेरीस आणलं. त्या काळच्याच लोकांना हे खुपत होतं. इडा टार्बेल या पत्रकार बाईंनी कागदपत्रं खणून ते मांडलं आणि १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टँडर्ड ऑइलचे तुकडे केले. १९१४ मध्ये कोलोरॅडोत लडलो इथं संपकरी खाणकामगारांच्या तंबूंना आग लागली, त्यात ११ मुलं आणि दोन बायका गुदमरून मेल्या. संप ज्या कंपनीविरुद्ध होता, ती रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली. रॉकफेलरच्या दानातून चालणारं रॉकफेलर फाउंडेशन त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झालं होतं.

याच फाउंडेशनच्या मदतीनं १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही). कोरोनाच्या वेळी तिचं मोल आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या पैशाबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण ही कृतज्ञता माझी आहे. लडलोत ज्यांची मुलं गेली, त्यांच्या वतीनं हिशेब मिटवायचा अधिकार मला नाही.

कार्नेगीच्या दानातली एक रक्कम मात्र मी वेगळी धरतो. १९०१ मध्ये कंपनी विकल्यावर त्यानं आपल्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी, मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी आणि म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी ४० लाख डॉलर ठेवले. ज्यांच्या घामातून पैसा आला, त्यांच्याच घरी तो गेला. आयुष्यभरात त्यानं एकूण दान केलं सुमारे ३५ कोटी डॉलरचं.