प्रोबेशनमध्ये नोकरी गेली, आता फॉर्मवर काय लिहायचं?

प्रोबेशनमध्ये नोकरी गेलेले बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात: ते चार-पाच महिने दाखवायचे की गाळायचे? आणि घरच्यांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. गाळायचे. बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एका मुलीच्या घरीही तेच ठरलं होतं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) सयाजीराव विद्यापीठातून केमिस्ट्रीत एम.एस्सी., एका औषध कंपनीत क्यूसीमध्ये (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) ३ वर्षं, मग चांगल्या पगारावर हालोलकडच्या दुसऱ्या कंपनीत. तिथे ६ महिन्यांचं प्रोबेशन होतं आणि पाचव्या महिन्यात पत्र हातात पडलं. आईचं म्हणणं, 'घरी आजारपण होतं म्हणून सोडली असं सांग.' काकांचं म्हणणं, 'आधीच्या कंपनीची तारीख पाच महिने पुढे ओढ, कोण बघतंय?'

बघतात. पगारातून पीएफ कापला गेला असेल तर १२ आकडी यूएएनखाली (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) प्रत्येक कंपनीची रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख नोंदवलेली असते. नवी कंपनी तोच यूएएन मागते, आणि पडताळणी करणाऱ्या संस्था उमेदवाराकडूनच सर्व्हिस हिस्टरी मागवून घेतात. काकांची ओढलेली तारीख तिथे पहिल्या मिनिटात उघडी पडते. उलट, ज्याची सगळ्यांना धास्ती असते ते तिथे नसतंच: 'काम बरं नव्हतं' असा कुठलाही शेरा पीएफच्या नोंदीत येत नाही.

बायोडेटा आणि कंपनीचा अर्ज यांत गल्लत करू नये. बायोडेटात काय घ्यायचं ते आपण ठरवतो. तीन आठवड्यांची नोकरी तिथे नसली तरी चालतं. कंपनीचा छापील किंवा ऑनलाइन अर्ज मात्र 'आतापर्यंतच्या सर्व नोकऱ्या' विचारतो आणि खाली 'वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास नोकरी रद्द होऊ शकते' यावर सही घेतो. रविवारच्या वॉक-इनला रांगेत उभ्या-उभ्या भरलेल्या फॉर्मवरही ती ओळ असते, फक्त कोणी वाचत नाही. प्रोबेशनमध्ये गेलेली नोकरी विसरली जाते. त्या सहीखालचं खोटं दोन वर्षांनीही नोकरी घालवू शकतं. हिच्या बाबतीत पाच महिने बायोडेटातही ठेवायचे ठरलं, कारण तेवढी मोकळी जागा स्वतःच प्रश्न विचारते.

मग तिचं पत्र ओळ न् ओळ वाचलं. या टप्प्यावर घाई नको, कारण अर्जातले शब्द पत्राशी जुळले पाहिजेत. काही पत्रांत 'काम समाधानकारक नाही' असं लिहिलेलं असतं, काहींत नुसता नियुक्तीपत्रातल्या कलमाचा आधार असतो, आणि काही ठिकाणी एचआर समोर बसवून राजीनामा लिहून घेतं. राजीनामा दिला असेल तर कागदावर तो राजीनामाच आहे, तसंच लिहावं. मुलाखतीत विचारलं तर तो प्रोबेशनच्या आढाव्यानंतर दिला हेही सांगावं. हिच्या पत्रात कलमाचा आधार होता, कारण लिहिलेलं नव्हतं. एचआरला तिने दोन ओळींचा ईमेल पाठवला: सेवा-प्रमाणपत्र आणि हिशेबाचा कागद द्यावा, आणि पडताळणीसाठी विचारणा आली तर तुम्ही काय कळवता ते सांगावं. उत्तर आलं की तारखा आणि पद, एवढंच. पुष्कळ कंपन्यांचं धोरण हेच असतं, तरी विचारून घेतलेलं बरं.

खरी गाठ पुढे होती. आढाव्याच्या बैठकीत तिला तोंडी सांगितलं होतं की एचपीएलसीच्या (औषधाचे नमुने तपासण्याच्या यंत्राच्या) लॉगबुकातल्या नोंदी वेळेवर होत नाहीत. ती हे सगळ्यांना 'डॉक्युमेंटेशनचा प्रॉब्लेम झाला' असं सांगत होती. औषध कंपनीत या मोघम वाक्याचा अर्थ समोरचा फार वाईट घेतो: आकडे फिरवले, मागच्या तारखा टाकल्या. तसं काहीच नव्हतं. दिवसाला सात-आठ नमुने लावायचे आणि नोंदी शिफ्टच्या शेवटी एकदम करायच्या, ही तिची सवय. नियम मात्र काम होताहोताच नोंद करण्याचा. उशीर झाला तर 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून त्या वेळची तारीख आणि सही. चूक झाली तर एका रेघेने खोडायचं, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा. हा फरक तिला माहीत होता, सांगता येत नव्हता.

अर्जातल्या 'सोडण्याचं कारण' या चौकटीत शेवटी एवढंच गेलं: 'प्रोबेशन काळात कंपनीने नियुक्ती संपवली.' ऑनलाइन अर्जात 'राजीनामा', 'कंपनीने काढले', 'करार संपला' असे तीनच पर्याय असतील तर दुसरा निवडायचा आणि शेऱ्यात हीच ओळ टाकायची. 'वैयक्तिक कारण' लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मुलाखतीचं उत्तर पाऊण मिनिटात बसवलं: "माझं प्रोबेशन कायम झालं नाही. माझ्या विश्लेषणात चूक निघाली नव्हती, पण लॉगबुकच्या नोंदी मी शिफ्टच्या शेवटी करत होते, आणि ते चुकीचंच होतं. आधीच्या कंपनीत ३ वर्षांत मी ऑडिटसाठी नोंदी दाखवल्या आहेत. आता प्रत्येक नमुना लावला की आधी नोंद, मग पुढचा." आधीच्या साहेबांबद्दल एक शब्दही नाही. बडोदा, पादरा, हालोल या पट्ट्यात क्यूसीची माणसं एकमेकांना ओळखतात, तिथे बोललेलं फिरून येतं. सराव हिंदी-इंग्रजीत केला, कारण मुलाखत त्यातच होणार होती.

उत्तर चांगलं होतं, पण शेवटचं वाक्य संपलं की समोरचा दोन-तीन सेकंद गप्प बसतो, कागद बघतो. त्या शांततेत ही पुन्हा सुरू व्हायची: "म्हणजे तसं ते सर पण ना..." सरावात घसरायची ती नेहमी इथेच. उपाय साधा ठरला: शेवटच्या वाक्यानंतर स्वतःच कामाचा प्रश्न विचारायचा. "तुमच्याकडे लॉगबुक कागदी आहे की इलेक्ट्रॉनिक?" बोलणं प्रयोगशाळेत परत जातं.

मकरपुऱ्याच्या एका कंपनीकडून बोलावणं आलं तेव्हा एक काम राहिलं होतं. पीएफच्या नोंदीत हालोलच्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती, म्हणजे कागदोपत्री ती अजून तिथेच कामाला. आधी कंपनीला लिहायचं. त्यांनी भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी सदस्याला स्वतः पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट'मधून ती भरता येते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख पत्रातलीच टाकावी, अंदाजाने नाही, कारण एकदा गेलेली तारीख बदलून घेणं जिकिरीचं असतं. तिचे २ महिने भरायला अकरा दिवस बाकी होते, म्हणून मुलाखतीला जाताना तिने पत्राची प्रत आणि एचआरचा ईमेल छापून सोबत नेला.