पेशी विभागल्यावर क्रोमोसोम परत आपापल्या जागी जातात का?

अगदी त्याच जागी नाही जात, पण कुठेही पसरतात असंही नाही. विभाजन संपताना आधी सगळे एकमेकांना चिकटून घट्ट गोळा होतात, त्यात की-६७ नावाच्या प्रोटीनचा मोठा हात असतो, मग भोवती केंद्रकाचं आवरण तयार होतं आणि कंडेन्सिन (विभाजनात क्रोमोसोम आवळून धरणारं प्रोटीन) सुटून कोहेसिन नावाचं दुसरं प्रोटीन आत येतं, ते डीएनएचे लूप परत बांधायला घेतं. प्रत्येक क्रोमोसोम स्वतःचा एरिया धरून बसतो. माणसाचे १८ आणि १९ बघा, साईज जवळपास सेम, पण १९ वर जीन्स खच्चून भरलेत म्हणून तो बहुतेक वेळा केंद्रकाच्या मधे सापडतो, अन १८ बिचारा कडेला. शेजारी कोण येणार ते मात्र बऱ्यापैकी नशिबावर, म्हणून नवीन पेशीतली मांडणी मूळ पेशीची झेरॉक्स नसते.