ट्रेडमिलवर चालताना घरच्या डिजिटल मशीनने बीपी मोजला तर आकडा बरोबर येतो का?

सहसा नाही. हे मशीन दंडाला बांधलेल्या पट्ट्यातल्या हवेची बारीक कंपनं टिपून बीपी काढतं. हात हलला की कंपनं बिघडतात, मग एरर येते किंवा भलताच आकडा. म्हणून स्ट्रेस टेस्टमध्ये (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात त्यात) अजूनही बऱ्याच ठिकाणी स्टेथोस्कोपने ऐकूनच मोजतात. तेव्हा हात सैल, हृदयाच्या पातळीवर हवा. ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरू नका, आकडा वाढतो.

जोराच्या व्यायामात वरचा बीपी १८० च्या आसपास जाणं निरोगी माणसातही दिसतं, त्याने घाबरू नका. खालचा फारसा बदलत नाही. खरी काळजी उलटी आहे: श्रम वाढवूनही वरचा बीपी आधीपेक्षा घसरू लागला, तर हृदयाला ताण झेपत नसेल. छातीत दुखणं, चक्कर असेल तर लगेच थांबा, डॉक्टरांना दाखवा.

रोजच्या नोंदीसाठी व्यायामानंतर किमान ३० मिनिटांनी, शांत बसून मोजा.