'आपातरमणीय' : आपत्तीशी संबंध आहे का?

प्रश्न असा आहे : एका जुन्या नाट्यपरीक्षणात 'दुसरा अंक आपातरमणीय आहे' असं वाक्य आहे. आपात म्हणजे आपत्ती ना? मग संकटातही शोभून दिसणारा, असा अर्थ घ्यायचा का?

नाही हो, परीक्षकाने अंकाला चिमटा काढलाय. आपातरमणीय म्हणजे पहिल्या नजरेत सुंदर वाटणारं, जवळ जाऊन पाहिलं की पोकळ निघणारं.

'आपत्ती' आणि 'आपत्काल' यांत आ + पद् आहे. 'आपात' आला आ + पत् वरून. पत् म्हणजे पडणे. शाळेत आरशाची आकृती काढताना 'आपाती किरण' लिहायचो, तो हाच. आरशावर येऊन पडणारा किरण. तसा आपात म्हणजे येऊन पडणं, आणि पुढे त्या पडण्याचा पहिला क्षण. 'आपाततः' म्हणजे वरवर पाहता. हिंदीतल्या 'आपातकाल'मध्येही हाच आपात आहे, अचानक कोसळणं या अर्थाने. घोटाळा बहुधा तिथूनच होतो. आपण मराठीत आणीबाणी म्हणून मोकळे होतो.

संस्कृतात जोडीला 'आपातरम्य' आहे. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त, अकराव्या सर्गात, 'आपातरम्या विषयाः पर्यन्तपरितापिनः' असं येतं : विषयभोग आरंभी गोड, शेवटी ताप देणारे. गंमत म्हणजे हे अर्जुनाला ऐकवणारा म्हातारा मुनी म्हणजे वेष पालटून आलेला इंद्र!

मग सरळ 'बेगडी' का म्हणू नये? बाशिंगावर, ताबुतावर चिकटवतात तो चकचकीत पातळ पत्रा म्हणजे बेगड. कन्नडमध्येही बेगडे आहे. बेगडी वस्तू मुळातच खोटी असते, सोन्याचा आव आणते. आपातरमणीय गोष्ट आव आणेलच असं नाही. पहिल्या क्षणी झालेला आनंद खरा असतो, फक्त टिकत नाही. मला हा फरक मोलाचा वाटतो. दोन दिवस गुणगुणून तिसऱ्या दिवशी कंटाळा आणणाऱ्या चालीला बेगडी म्हणणं अन्यायाचं होईल, ती आपातमधुर.

आणि हो, 'आपादरमणीय' लिहू नका. 'आपादमस्तक'मधल्या पायांचा इथे संबंध नाही; तसं लिहिलंत तर अर्थ पायापर्यंत सुंदर असा होईल, म्हणजे टीकेची स्तुती.